अक्षरांचं पुस्तक घेताना ‘क’ बघू नका, ‘ण’ बघा

लहान मुलांसाठी अक्षरांचं चित्रपुस्तक घ्यायचं म्हटलं की आपण पहिलं पान उघडतो. अननस रसरशीत असतो, आई हसरी असते, पुढे कमळ, छत्री, ससा सगळं झकास. तेवढ्यावर पुस्तक पसंत होतं. पण अ, क, छ, स ही पानं कुणालाही जमतात. पुस्तक करणाऱ्यानं डोकं किती चालवलंय ते कळतं ऐ, औ, ण, ळ, ष, ङ आणि ञ या पानांवर. पुस्तक हातात आलं की ही सात पानं आधी काढायची, असं माझं सरळ मत आहे. ती नीट जमली असतील तर बाकीचं पुस्तक बहुधा चांगलंच निघतं.

चित्राची एक साधी परीक्षा आहे. अक्षर आणि खालचा शब्द हाताने झाका आणि मुलाला विचारा, हे काय आहे? मूल जो शब्द बोलेल तो त्याच अक्षराचा असला पाहिजे. ‘थ थवा’ या पानावर मूल म्हणणार ‘पक्षी’. ‘ए एडका’वर म्हणणार ‘मेंढी’, नाहीतर ‘बकरी’. ‘इ इमारत’ म्हणजे ‘घर’ किंवा ‘बिल्डिंग’. ‘य यज्ञ’ म्हणजे ‘जाळ’. ‘क्ष क्षत्रिय’ म्हणजे ‘राजा’. अशा पानावर मुलाचं काही चुकत नाही, चित्र चुकलेलं असतं. मोठी माणसं मग ‘अरे, पक्षी नाही, थवा म्हण’ असं घोकून घेतात. मूल ते पाठही करतं, पण थ चा आवाज आणि ते चित्र यांची गाठ पडतच नाही. पुढे थ दिसला की त्याला आधी पक्षी आठवतात, मग अडखळायला होतं.

यातल्या बऱ्याच पानांवर उपाय आहेत आणि ते काही अवघड नाहीत. थ ला थेंब घ्या. ठ ला ठोकळा. ए ला सरळ ‘एक’: मोकळ्या पानावर एकच किडा, एवढंच. ऐ ला वर्षानुवर्षं ऐरण येते. ती आता मुलांनी तर नाहीच, त्यांच्या आईवडिलांनीही पाहिलेली नसते. ऐरावत काढला तर मूल ‘हत्ती’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा क्रियापद घ्यावं: कानामागे हात धरून ऐकणारी मुलगी. ‘काय करतेय?’ ‘ऐकतेय.’ झालं काम. ओ ला दोरी ओढणारी मुलं, ह ला हसणारा चेहरा, प ला पळणारं कुणीतरी. अक्षराच्या पुस्तकात फक्त नामंच असावीत हा हट्ट कुठून आला कोण जाणे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला क्रिया चटकन ओळखता येतात, करूनही दाखवता येतात.

क्रियेच्याही आधी येतो आवाज. चेक शिक्षणतज्ज्ञ योहान कोमेनियसचं ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे १६५८ सालचं चित्रपुस्तक सुरू होतं ते प्राण्यांच्या आवाजांच्या वर्णमालेनं. कावळ्याचा आवाज एका अक्षराला, कोकराचा दुसऱ्याला, असं. ही युक्ती आपल्या स्वरांना छान लागू पडते. ई चं पान बघा: ईडलिंबू मुलांना ओळखू येत नाही, पण झुरळ बघून ‘ई!’ म्हणणारा चेहरा प्रत्येकाला येतो. आ म्हणजे तोंड उघडून घसा दाखवणं. ऊ ला तर शब्दही तेवढाच आहे, केसातली ऊ. मुलं त्या पानावर खिदळतात आणि दीर्घ ऊ कायमचा लक्षात राहतो.

आता ण आणि ळ. मराठीत या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही, म्हणून ती पानं कशीतरी उरकलेली असतात. वास्तविक ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ ही आपली जुनी पद्धत फार सोयीची आहे, कारण तीत अक्षर शब्दात कुठेही असलेलं चालतं. चांगलं पुस्तक त्याचा फायदा घेतं. क च्या पानावरचं कमळ ळ च्या पानावर पुन्हा आणतं, ह चं हरण ण च्या पानावर आणतं, आणि शब्दात तेवढं एकच अक्षर वेगळ्या रंगात छापतं. मूल मागची पानं उलटून तेच कमळ शोधतं. अक्षरं शब्दाच्या सुरुवातीलाच नसतात, मध्ये आणि शेवटीही असतात, हे त्याला न सांगता कळतं. ष चंही तसंच. षटकोन आहेच, पण औ चं औषध आणि ध चं धनुष्य या दोन्हींत ष बसलेला आहे. ष आणि श च्या उच्चारातला फरक बहुतेक घरांत आता उरलेला नाही, तो मुलाच्या माथी मारू नये. आकार वेगळा आहे एवढं पुरे.

ङ आणि ञ ही पानं बरीच पुस्तकं कोरी ठेवतात किंवा ‘वाङ्मय’ असा शब्द टाकून सुटतात. वाङ्मयाचं चित्र काय काढणार? पुस्तकांची चळत? त्यापेक्षा अनुस्वार वापरावा. ‘पतंग’ सावकाश म्हणा: टिंबाच्या जागी नाकातून जो आवाज येतो तो ङ. ‘इंजिन’ म्हणा: तिथला आवाज ञ चा. म्हणजे ङ च्या पानावर पतंग, ञ च्या पानावर इंजिन, आणि शब्दातलं टिंब लाल रंगात. हे सहा-सात वर्षांच्या मुलाला मजेदार वाटतं. तीन वर्षांच्या मुलासमोर ती पानं सरळ उलटून जावं, काही बिघडत नाही. राज्य शासनाच्या वर्णमालेत एकूण ५२ वर्ण आहेत: १४ स्वर, अनुस्वार आणि विसर्ग हे २ स्वरादी, ३४ व्यंजनं, आणि क्ष, ज्ञ. त्यात ॲ आणि ऑ आहेत, ते बऱ्याच पुस्तकांत अजूनही सापडत नाहीत. मुलं ॲम्ब्युलन्स आणि ऑक्टोपस रोज म्हणतात, तेव्हा ही दोन पानं असायलाच हवीत. ऌ सुद्धा आहे, तो ‘कॢप्ती’ या शब्दात भेटतो. कॢप्तीचं चित्र कुणाला सुचलं तर कॉमेंटमध्ये जरूर सांगा.

च, ज, झ हा खास मराठी घोळ आहे आणि पुस्तकं त्याकडे हमखास काणाडोळा करतात. चाक आणि चमचा यांतला च वेगळा, चिमणी आणि चेंडू यांतला वेगळा. जाळं आणि जिराफ, झाड आणि झेंडा, तीच गत. एकाच पानावर चमचा आणि चिमणी दोन्ही असली की मूल म्हणतं, हे दोन वेगळे आहेत. बरोबरच आहे त्याचं. अशा पानाचे मुद्दाम दोन भाग केलेले असावेत, एका बाजूला चाक-चमचा, दुसऱ्या बाजूला चिमणी-चेंडू. पुस्तकात तसं नसेल तर वाचताना आपण करावं: आधी एका च चे सगळे शब्द, मग दुसऱ्याचे.

चित्रांनंतर अक्षराचं वळण. इथे पाच मिनिटं खर्च करा. घ-ध, म-भ, य-थ या तीन जोड्या शेजारी ठेवून बघा. घ, म, य यांच्या डोक्यावरची रेघ सलग असते. ध, भ, थ यांची डावीकडे तुटलेली असते आणि तिथे छोटी गाठ असते. जाडजूड, गुबगुबीत सजावटी फॉन्टमध्ये ही फट बुजते आणि ध चा घ होतो. मुलांच्या पुस्तकात नेमके तेच फॉन्ट वापरतात, गोंडस दिसतात म्हणून. मग पहिलीत ‘धर’ आणि ‘घर’ यांत गोंधळ झाला की दोष मुलाला. दुसरं, ल आणि श. मराठी वळणाचा ल पाकळीचा आणि श देठाचा असतो. वर्णमालेबद्दलच्या राज्य शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही तेच वळण धरलेलं आहे. अनेक पुस्तकांत हिंदी वळणाचे ल-श छापलेले असतात आणि मूल शाळेत वेगळंच बघतं. तिसरं, ख. त्याचे दोन भाग खाली जोडलेले हवेत, नाहीतर तो ‘रव’ वाचला जातो. अक्षर साधारण ८ ते १० सेंटिमीटर उंच आणि साध्या पार्श्वभूमीवर असावं. अक्षरालाच डोळे, हातपाय, शेपटी काढलेली पुस्तकं मला मुळीच आवडत नाहीत. शेपटी अक्षराची की सजावटीची, हे नवशिक्या डोळ्यानं ओळखायचं कसं?

शब्द निवडताना पहिल्या पुस्तकात शक्यतो त्या अक्षराला काना-मात्रा नसावी. क ला कमळ ठीक. ‘किल्ला’ घेतला की वर क आणि खाली कि, त्यातून वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. कमळ, गवत, घर, दगड, नळ, फणस, बदक, मगर, रथ, हरण हे शब्द म्हणूनच जुने झाले तरी उपयोगी आहेत. किल्ला, कोंबडा, कुलूप यांना दुसऱ्या फेरीत घ्या, बाराखडी सुरू झाली की.

वयाचं बोलायचं तर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ५२ पानांचं पुस्तक देऊ नका. जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं, सात-आठ जोडपानांचं पुरतं. मग त्यात फक्त स्वर असले तरी चालतील. तिथे अक्षर शिकवायचंच नसतं, चित्राकडे बोट करून शब्द बोलायचा असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाबरोबर एका बैठकीत तीन ते चार अक्षरं, त्यातलं एक त्याच्या नावाचं. अ पासून ज्ञ पर्यंत सलग वाचायचा अट्टहास केला की च च्या आसपास मूल उठून जातं. पाचव्या वर्षाच्या पुढे आकाराप्रमाणे गट करा. ग, म, भ, न ही जुनी जोडणी उगाच नाही. व, ब, क आणि प, ष, फ हेही तसेच गट. अक्षर बोटानं गिरवताना शिरोरेषा शेवटी.

घरात दोन-तीन वयांची मुलं असतील तर एकच पान तिघांनाही पुरतं. लहान्याने चित्र ओळखायचं, मधल्याने त्याच अक्षराचे आणखी तीन शब्द सांगायचे, मोठ्याने ते अक्षर मध्ये किंवा शेवटी असलेले शब्द शोधायचे. मोठ्याला काम जास्त अवघड मिळालं की ‘हे बाळांचं पुस्तक आहे’ ही कुरकुर बंद होते.

आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठीही अक्षरांची पुस्तकं असतात हे आपल्याकडे फारसं कुणी मानत नाही. इंग्रजीत ख्रिस व्हॅन ऑल्सबर्गचं ‘द झी वॉज झॅप्ड’ बघा, १९८७ चं. रंगमंचावर एकेक अक्षर येतं आणि प्रत्येकाचं काहीतरी वाईट होतं. चित्र आधी दिसतं, वाक्य पान उलटल्यावर. मधल्या वेळात काय झालं ते आपण ओळखायचं, आणि उत्तर त्याच अक्षराच्या शब्दांत द्यायचं. हा खेळ मराठीत जसाच्या तसा जमतो: फ फुटला, ग गळला, व वितळला, झ झिजला. मुलांना कागद द्या, तीच चित्रं काढतील. स्टीफन जॉन्सनच्या १९९५ मधल्या ‘अल्फाबेट सिटी’त एक शब्दही नाही. शहरातल्या वस्तूंमध्ये दडलेली अक्षरं फोटो वाटावीत इतकी हुबेहूब रंगवलेली आहेत. देवनागरीत असा शोध जरा कठीण जातो, पण शिरोरेषा बाजूला ठेवली की कपाच्या कानात, नळाच्या वळणात, वाकलेल्या तारेत ट, ठ, र, ग सापडतात. फोनवर फोटो काढून जमवा.

बाजारातलं कुठलंच पुस्तक सातही पानांच्या परीक्षेला उतरलं नाही तर घरी करा. ए-फोर आकाराचे जाड कार्डपेपर २६ घ्या, मधून कापा, ५२ पानं तयार. कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा). त्याहून पातळ घेतला तर मागचं अक्षर पुढे दिसतं. एका बाजूला फक्त अक्षर, मागच्या बाजूला चित्र आणि शब्द, म्हणजे झाकायची परीक्षा आपोआप होते. चित्रं घरातल्याच वस्तूंच्या फोटोंची असली तर उत्तम: मुलाचा स्वतःचा चमचा, त्याचीच छत्री. स्टेपल मारू नका, पिना निघतात आणि तोंडात जातात. डाव्या कडेला दोन भोकं पाडून उघडमिटीच्या कड्या घाला, म्हणजे आज वर्णमालेच्या क्रमाने, उद्या गमभनच्या क्रमाने लावता येतं. ५२ कार्डांची चळत साधारण दोन सेंटिमीटर होते, त्यामुळे लहान कड्यांत ती अडकते आणि भोकं फाटतात. स्वरांचा एक गठ्ठा, व्यंजनांचे दोन, असे तीन करा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप येते आणि तिरकं बघणाऱ्या मुलाला अर्धं अक्षर दिसतच नाही, तेव्हा करायचं तर मॅट करा. स्केचपेनची शाई ओल्या बोटांनी पसरते, अक्षरं परमनंट मार्करनेच काढा. आणि ङ, ञ, ऌ ची कार्डं बनवून बाजूला ठेवा, पहिल्या वर्षी कडीत घालायची नाहीत.