अनुयायांच्या संख्येने प्रभाव मोजता येत नाही: धर्मसंस्थापकांच्या क्रमवारीचा प्रतिवाद

जगाच्या इतिहासावर कोणत्या धर्मसंस्थापकाचा प्रभाव सर्वांत मोठा, या प्रश्नाचे उत्तर पाच-सहा ओळींत देणारा मजकूर मराठी वाचकांमध्ये बराच फिरतो. त्याची रूपे अनेक आहेत. कधी पहिल्या क्रमांकावर येशू ख्रिस्त असतात, कधी मुहंमद पैगंबर, तर कधी गौतम बुद्ध. युक्तिवाद मात्र सगळीकडे जवळपास सारखाच असतो. ज्याचे अनुयायी आज सर्वाधिक, त्याचा प्रभाव सर्वाधिक. धर्माचा विस्तार ही त्या एका पुरुषाची कामगिरी. बौद्ध धर्म बाहेर पसरला तो केवळ सम्राट अशोकाच्या सत्तेमुळे आणि भारतातून तो लोपल्यावर बुद्धांचा प्रभावही ओसरला. जरथुष्ट्र किंवा महावीर यांचे अनुयायी मूठभर, म्हणून त्यांचा विचार करण्याचे कारण नाही. आणि हे सारे एका अमेरिकी शास्त्रज्ञाने पुस्तक लिहून सिद्ध केलेलेच आहे, अशी त्यातली विधाने आहेत. मूळ प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही, उलट तो महत्त्वाचा आहे, आणि म्हणूनच त्याला दिलेली ही उत्तरे एकेक करून तपासायला हवीत.

पहिले विधान संख्येचे. आज जगात ख्रिस्ती सुमारे २३० कोटी आणि मुस्लिम सुमारे २०० कोटी आहेत, ही गोष्ट खरी आहे. पण ही संख्या कशाकशाची बेरीज आहे, हे पाहिले पाहिजे. १९०० साली जगातले बहुसंख्य ख्रिस्ती युरोप आणि उत्तर अमेरिकेत राहत होते. आज ते आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहतात. या बदलामागे सोळाव्या शतकातील स्पेन व पोर्तुगालची आक्रमणे आहेत, विसाव्या शतकातले आफ्रिकी धर्मप्रचारक आहेत आणि जन्मदरही आहे. मेक्सिकोतील एखाद्या खेड्याचा बाप्तिस्मा आणि गालीलातील प्रवचने यांच्यामध्ये पंधरा शतके उभी आहेत. त्या पंधरा शतकांचा सगळा हिशेब एका व्यक्तीच्या नावे मांडणे हे इतिहासाचे काम नव्हे.

शिवाय, अनुयायी मोजणे हेच मुळात सरळ नाही. जपानमध्ये धार्मिक संस्था आपापल्या अनुयायांचे आकडे सरकारकडे कळवतात, आणि शिंतो व बौद्ध संस्थांनी कळवलेल्या आकड्यांची बेरीज देशाच्या एकूण लोकसंख्येपेक्षा कोट्यवधींनी जास्त भरते. त्यात फसवणूक नाही. तिथले कुटुंब नवजात बाळाला शिंतो देवळात दर्शनाला नेते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे अंत्यविधी बौद्ध पुरोहिताकडून करवून घेते. दोन्ही ठिकाणी त्याची नोंद असते आणि त्या कुटुंबाला यात विसंगती वाटत नाही. अशा समाजात बुद्धांचे अनुयायी नेमके किती, याचे उत्तर मोजणाऱ्याच्या व्याख्येवर अवलंबून राहते. आणि शंभर कोटींहून अधिक हिंदूंचे काय करायचे? त्यांच्या धर्माला एक संस्थापकच नाही, म्हणून संस्थापकांच्या क्रमवारीत ही एवढी मोठी परंपरा आपोआप गळून पडते.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे, कारण ते सुशिक्षित माणसालाही पटण्यासारखे वाटते. धर्माचा विस्तार ही संस्थापकाची वैयक्तिक कामगिरी, असे ते म्हणते. येशू ख्रिस्त यांनी स्वतः लिहिलेली एक ओळही उपलब्ध नाही. ते अरामी भाषेत बोलत, यहुदी समाजातच वावरले आणि रोमन अधिकारी पाँतियस पिलात याच्या कारकिर्दीत क्रुसावर गेले. नवा करार मात्र ग्रीक भाषेत आहे, आणि त्यातील सर्वांत जुने लेखन म्हणजे पौल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाची पत्रे, जी शुभवर्तमानांच्याही (येशूंच्या चरित्रकथनांच्याही) आधी, साधारणपणे इ.स. ५०च्या दशकात लिहिली गेली. येशूंच्या हयातीत पौल त्यांच्या शिष्यांपैकी नव्हता.

या पौलाने काय केले, ते गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात त्याच्याच शब्दांतून दिसते. अंत्युखिया शहरात येशूंचा शिष्य पेत्र बिगर-यहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे; पण यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा प्रमुख याकोब याच्याकडची काही माणसे आल्यावर तो त्या पंगतीतून मागे सरला आणि वेगळा राहू लागला. तेव्हा पौलाने सगळ्यांसमक्ष, त्याच्या तोंडावर त्याला दोष दिला. कोणी कोणाबरोबर जेवायचे हा वाद किती खोलवर जातो, हे पंक्तिभेदाचा इतिहास ज्याच्या घरात आहे अशा मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. बिगर-यहुद्याने आधी सुंता करून यहुदी व्हावे लागेल का, या प्रश्नावर यरुशलेममध्ये बैठक झाली आणि ती अट लादू नये असे ठरले. हा निर्णय झाला नसता तर यहुदी समाजातील एका पंथापलीकडे ही चळवळ गेली असती का, अशी रास्त शंका घेता येते. पुढे ३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली आणि ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या काळात तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला. म्हणजे संस्थापक, अर्थ लावणारा, संघटक आणि राजा या चार वेगवेगळ्या भूमिका आहेत, आणि ख्रिस्ती इतिहासात त्या चार वेगळ्या माणसांनी किंवा गटांनी पार पाडल्या.

मुहंमद पैगंबर यांच्या बाबतीत चित्र खरोखर वेगळे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ६२२ च्या हिजरतीनंतर, म्हणजे मक्केहून केलेल्या स्थलांतरानंतर, मदिनेत त्यांनी वेगवेगळ्या टोळ्यांना एका करारात बांधले, न्यायनिवाडे केले, लढायांचे नेतृत्व केले, ६३० मध्ये मक्का ताब्यात घेतली. आणि ६३२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अरबस्तानाचा मोठा भाग त्यांच्या नेतृत्वाखाली आलेला होता. स्वतःच्या हयातीत स्वतःच्या हातून घडलेला बदल, एवढीच कसोटी लावली तर माझ्या मते त्यांच्या जवळपास जाणारा दुसरा धर्मसंस्थापक नाही. पण मजकुराची कसोटी ती नाही; तो आजच्या संख्येबद्दल बोलतो, आणि तिथे पुन्हा तीच अडचण येते. कुराणाची प्रमाण प्रत खलिफा उस्मान यांच्या काळात सिद्ध झाली. इराण आणि इजिप्त सातव्या शतकातच जिंकले गेले तरी तिथली प्रजा बहुसंख्येने मुस्लिम व्हायला आणखी काही शतके लागली. मुस्लिम लोकसंख्येत आज अग्रस्थानी असलेल्या इंडोनेशियात तर कोणतेही अरब सैन्य उतरले नव्हते; तिथे तेराव्या शतकापासून व्यापारी, सूफी आणि स्थानिक सुलतान यांच्यामार्फत इस्लाम रुजला.

शीख परंपरेचे उदाहरण याहून जवळचे आहे. गुरू नानक १५३९ मध्ये गेले. ग्रंथाची संहिता १६०४ मध्ये गुरू अर्जनदेव यांनी सिद्ध केली आणि तीत आपल्या नामदेवांची पदेही घेतली. खालसा १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी उभा केला आणि १७०८ मध्ये नांदेड येथे त्यांनी गुरुपद ग्रंथाकडे सोपवले. यातले नानकांचे किती आणि परंपरेचे किती, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

तिसरे विधान बुद्धांविषयी आहे. अशोकाचे कार्य मोठे आहे, आणि महाराष्ट्रात तर त्याचा पुरावा दगडावर कोरलेला आहे. सोपाऱ्याला त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये सापडला. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो असे अशोक या आठव्या लेखात सांगतो. तेराव्या लेखात तो पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावे घेतो. पण या लेखांतील धम्म म्हणजे मुख्यतः आईवडिलांची सेवा, जीवदया, दानधर्म, परमतांचा आदर. चार आर्यसत्यांचा किंवा निर्वाणाचा उल्लेख त्यांत नाही. बौद्ध विचार चीनमध्ये पोहोचला तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास, म्हणजे मौर्य साम्राज्य लयाला जाऊन दोनशे वर्षे उलटल्यावर. तिथे ग्रंथांचे भाषांतर प्रथम ज्यांनी केले त्यांत पार्थियाचा आन शिकाओ होता, कुशाण प्रदेशातला लोकक्षेम होता. त्यांच्या पाठीशी अशोक नव्हता. होते ते व्यापारी मार्ग आणि भिक्खूसंघ.

व्यापाऱ्यांचा हा वाटा पाहायला कार्ल्याला जावे. तिथल्या लेण्यातील चैत्याच्या दर्शनी भागात वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठीचा (व्यापाऱ्याचा) लेख आहे. जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण पूर्ण केले, असे तो अभिमानाने नोंदवतो. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या, धेनुकाकट गावच्या सिंहदत्ताने एक दार दिले. आतल्या खांबांपैकी काही यवनांची दाने आहेत. राजसत्तेने धर्म पसरवला, एवढ्या एका वाक्यात या माणसांना जागाच उरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रभाव ओसरला, हे म्हणणे तर वस्तुस्थितीला सोडून आहे. तारीख नोंदवलेले जगातले सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक म्हणजे इ.स. ८६८ चे चिनी वज्रच्छेदिका सूत्र. धातूच्या सुट्या अक्षरखिळ्यांनी छापलेले सर्वांत जुने उपलब्ध पुस्तकही बौद्धच आहे, कोरियातले, १३७७ सालचे. ग्रंथाच्या प्रती करणे पुण्यकारक, ही श्रद्धा पूर्व आशियातील मुद्रणाला बळ देणारी ठरली. पश्चिमेकडे तर बुद्धचरित्राची कथाच मध्य आशिया, अरबी, जॉर्जियन, ग्रीक आणि लॅटिन असा प्रवास करत गेली. राजवाडा सोडून विरक्त होणारा भारतीय राजपुत्र योसाफात हा ख्रिस्ती संत म्हणून पूजला जाऊ लागला आणि रोमन चर्चच्या संतनामावलीत २७ नोव्हेंबर हा दिवस त्याच्या नावे लागला. त्या दिवशी प्रार्थना करणाऱ्या युरोपीय माणसाची गणना बुद्धांच्या अनुयायांत कोणीही केली नसती. आणि भारतात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला, ही घटना ज्या समाजाच्या घराघरांत जिवंत आहे, त्याच समाजाच्या भाषेत बुद्धांचा प्रभाव संपल्याचे लिहिले जावे, हे अनाकलनीय आहे.

चौथ्या विधानानुसार, अनुयायी थोडे म्हणजे प्रभाव नगण्य. जरथुष्ट्रांना मानणारे पारशी २०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ होते. परंतु बाबिलोनच्या बंदिवासानंतर यहुदी समाज सुमारे दोन शतके इराणी साम्राज्यात राहिला आणि यशयाच्या ग्रंथात इराणी सम्राट कोरेश याला ईश्वराचा अभिषिक्त म्हटले गेले. मृतांचे पुनरुत्थान, अंतिम न्याय, ईश्वराचा विरोधक सैतान या कल्पना उत्तरकालीन यहुदी लेखनात ठळक होतात. त्यांत इराणी विचाराचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण हा वाद गांभीर्याने चालतो, हेच पुरेसे बोलके आहे. तो वाटा अंशतः जरी खरा ठरला, तरी ख्रिस्ती आणि इस्लामी परलोककल्पनेत जरथुष्ट्रांचा सहभाग मान्य करावा लागेल. महावीरांचे अनुयायी त्याच जनगणनेत सुमारे ४४.५ लाख. गांधीजींच्या अहिंसेला वैष्णव घर आणि टॉलस्टॉय यांचाही आधार होता, पण जैन साधक श्रीमद् राजचंद्र यांचे ऋण त्यांनी स्वतः मान्य केले आहे, आणि गांधीजींपासून मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापर्यंतचा धागा सर्वज्ञात आहे.

यात मानीचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २१६ मध्ये मेसोपोटेमियात जन्मलेला हा माणूस जाणीवपूर्वक विश्वधर्म स्थापायला निघाला होता. बुद्ध, जरथुष्ट्र आणि येशू हे आपले पूर्वसूरी, पण त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिले नाहीत म्हणून त्यांची शिकवण बिघडली, असे त्याचे म्हणणे होते. त्याने स्वतः ग्रंथ लिहिले, सासानी सम्राट पहिला शापूर याच्यासाठी एक ग्रंथ मध्य फारसीत रचला, चित्रे काढली, दूरवर प्रचारक पाठवले. शेवटी तो तुरुंगात मेला. त्याचा धर्म उत्तर आफ्रिकेपासून चीनपर्यंत पोहोचला आणि आठव्या शतकात उइगुर राजसत्तेने तो स्वीकारला. संस्थापकाची प्रतिभा, लिखित शास्त्र, राजाश्रय, संघटना, मजकुरात मोजलेले सगळे गुण इथे एकत्र होते. तरीही तो धर्म संपला. फुच्येन प्रांतातील एका देवळात चौदाव्या शतकातील त्याची मूर्ती आजही आहे आणि गावकरी तिला बुद्ध म्हणून भजत आले. मात्र ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टिन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे याच पंथाचा ‘श्रोता’, म्हणजे सामान्य अनुयायी, होता. पुढे मूळ पापाचा, म्हणजे माणूस जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येतो हा, त्याने मांडलेला सिद्धांत पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात रुजला, तेव्हा त्याचा समकालीन टीकाकार ज्युलियन याने हा मानीचाच अवशेष असल्याचा आरोप केला होता. आरोप कितपत खरा, हा वेगळा प्रश्न; पण ज्या वादाने पश्चिमेच्या धर्मविचाराला वळण दिले, त्यात मानी उपस्थित होता. संख्येच्या कोष्टकात त्याच्यापुढे शून्य आहे.

राहता राहिला अमेरिकी शास्त्रज्ञाच्या पुस्तकाचा हवाला. मायकेल हार्ट यांच्या ‘द १००’ या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील यादीत शंभर प्रभावी व्यक्तींमध्ये मुहंमद पैगंबर पहिले, न्यूटन दुसरा, येशू तिसरे, बुद्ध चौथे आणि कन्फ्यूशियस पाचवे आहेत. हे एका लेखकाचे युक्तिवादासह मांडलेले मत आहे, सिद्धता नव्हे. आणि ते मत मजकुराच्या बाजूचेही नाही. अनुयायांची संख्या हीच कसोटी असती तर येशू पहिले असते. ते पहिले नाहीत, कारण ख्रिस्ती धर्माच्या उभारणीचे श्रेय लेखकाने येशू आणि पौल यांच्यात वाटून दिले आहे, आणि पौल त्या यादीत सहावा आहे. शंभराव्या क्रमांकावर महावीर आहेत.