2016 चा कप बुलडॉग्जना अंपायरनी दिला नाही

फायनल्स जवळ आल्या की मेलबर्नच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या एएफएल लीगची 2016 ची ग्रँड फायनल, म्हणजे कपाचा अंतिम सामना, 'मॅनेज' होती, सिडनी स्वान्सचा कप काढून वेस्टर्न बुलडॉग्जना दिला, अंपायर विकले गेले. पुरावे काय, तर समोरच्याच्या फाउलवर मिळणाऱ्या फ्री किक बुलडॉग्जना 20 आणि सिडनीला 8, बुलडॉग्जसाठी मुद्दाम आणलेली सुट्टी, एएफएलला हवी असलेली भावुक गोष्ट आणि पैशानं विकत घेतलेला बुलडॉग्जचा खेळाडू टॉम बॉयड. यंदा हा मेसेज माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो रविवारी लहान मुलांच्या सामन्यांत अंपायरिंग करतो आणि बाउंड्रीवरच्या पालकांची बोलणी आधीच खातो. आता ओळखीचेच काका 'सगळे अंपायर असलेच' म्हणत त्याला हे पाठवतात. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

20 विरुद्ध 8 हा आकडा खरा आहे. शेवटच्या क्वार्टरमध्ये बुलडॉग्जचा ईस्टन वूड सिडनीच्या डॅन हॅनबरीच्या गुडघ्यावर आदळला, तेव्हा सिडनीला फ्री किक मिळायलाच हवी होती, हेही मान्य. पण यावरून अंपायर विकले गेले हे कसं ठरतं? फ्री किक म्हणजे गुण नव्हेत. दोन्ही बाजूंना सारख्या मिळाव्यात असा नियमही नाही. जो आधी बॉलवर पोचतो त्यालाच बहुतेक वेळा मागून धक्का बसतो, त्याचाच गळा धरला जातो.

आणि स्कोअरबोर्ड बघा ना! हाफटाइमला सिडनी 47-45 नं पुढे, तिसऱ्या क्वार्टरअखेर बुलडॉग्ज 61-53 नं पुढे, शेवटी 89-67 नं बुलडॉग्जचा विजय. म्हणजे सामना शेवटच्या क्वार्टरमध्ये सुटला. त्याच क्वार्टरमध्ये बुलडॉग्जच्या जेसन जोहानिसनचा गोल व्हिडिओ रिव्ह्यूत रद्द झाला, सहाऐवजी एकच गुण मिळाला. कप बहाल करायला बसलेले लोक तो गोल रद्द करतील? मग बुलडॉग्जच्या डेल मॉरिसनं सिडनीच्या लान्स फ्रँकलिनला मागून गाठून टॅकल केलं, बॉल सुटला, टॉम बॉयडनं तो उचलून सुमारे 60 मीटरवरून मारला आणि टप्पा पडून बॉल गोलमध्ये गेला. ज्या क्षणानं सिडनीची आशा संपली तो हा, आणि त्यात फ्री किक कुठेच नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी निदान हा क्वार्टर तरी पूर्ण बघावा.

सुट्टीचं म्हणाल तर 2015 च्या शेवटच्या फेरीत फ्रीमँटल आणि नॉर्थ मेलबर्ननं भरपूर खेळाडू बसवून ठेवले, त्यावरून 2016 पासून फायनल्सआधी आठवडाभराची विश्रांती आली. ती आठही संघांना होती. बुलडॉग्जना तिचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. त्यांचे लिबरेटोर आणि मक्रे दुखापतीतून परतले. पण त्यानंतर सातव्या क्रमांकावरून पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला 47 गुणांनी हरवायचं होतं, ते सुट्टीनं केलं नाही.

भावुक गोष्टीचा मुद्दा तर टिकतच नाही. 1954 नंतर कप नाही, 62 वर्षांची प्रतीक्षा, हे खरंच. पण एएफएलचा जीव अडकला होता तो सिडनीच्या बाजारपेठेत. 2012 मध्ये मैदानात उतरवलेला सिडनीतलाच दुसरा संघ जीडब्ल्यूएस जायंट्स हा त्यांनी स्वतः उभा केलेला क्लब. प्रिलिमिनरी फायनलमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, तो जिंकला असता तर सिडनीचेच दोन संघ कपासाठी भिडले असते. बुलडॉग्जनी त्यांच्याच घरी जाऊन सहा गुणांनी त्यांना बाहेर काढलं. याच एएफएलनं (तेव्हाची व्हीएफएल) 1989 मध्ये बुलडॉग्ज हा क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करायला काढला होता. क्लबच्या मूळ वस्तीतल्या, फुटस्क्रेच्या लोकांनी पैसे गोळा करून तो वाचवला.

राहिला पैसा. बॉयडचा करार मोठा होता, सात वर्षांचे सत्तर लाख डॉलर अशी तेव्हाची बातमी. पण समोर सिडनीकडे फ्रँकलिन होता, नऊ वर्षांसाठी एक कोटीच्या करारावर. उलट बुलडॉग्जच्या त्या दिवशीच्या संघात मॉरिस, लियम पिकेन, मॅथ्यू बॉयड, डालहाउस, जोहानिसन हे सगळे रूकी ड्राफ्टमधून आलेले, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या मुख्य ड्राफ्टमध्ये एकाही क्लबनं न घेतलेले. त्यातल्या पिकेननं तीन गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक जोहानिसनला मिळालं.