बोजोले म्हणजे फक्त नोव्हेंबरची वाइन नाही हो!

परत तोच फॉरवर्ड फिरतोय, की फ्रान्समधल्या बोजोले भागातली रेड वाइन दोन-तीन महिन्यांत संपवायची, नाहीतर वाया जाते. अहो, लवकर प्यायची हे फार तर बोजोले नुव्होबद्दल खरंय, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते ती त्याच वर्षीच्या द्राक्षांची, ताजी ताजी प्यायची वाइन. पण तिथल्या उत्तरेकडच्या टेकड्यांवर 10 क्रू आहेत, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणारे खास नावाजलेले भाग, मॉर्गों, फ्लरी, मूलाँ-आ-व्हाँ वगैरे, आणि त्यांना नुव्हो म्हणून विकायची परवानगीच नाही. द्राक्ष तेच, गामे, फक्त जमीन ग्रॅनाइटची (मॉर्गोंच्या कोत द्यु पी टेकडीला निळसर दगड लागतो), आणि चांगल्या वर्षाची मूलाँ-आ-व्हाँ 10 वर्षं आरामात टिकते. गोंधळ का होतो तर या क्रूंच्या लेबलवर बऱ्याचदा बोजोले हा शब्द मोठ्या अक्षरात नसतोच, नुसतं क्रूचं नाव, मग कळणार कसं?

आणि हो, गामे हलकं द्राक्ष हा टोमणा जुनाच, 1395 मध्ये बोजोलेच्या उत्तरेकडच्या बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने ते उपटून टाकायचा हुकूम काढला होता, दक्षिणेला बोजोलेत मात्र ते मस्त रुजलं.

रेड कधीच थंड करू नये, हेही त्याच फॉरवर्डात आहे. साधी बोजोले अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा की.