शिजवलेली नळी, जुनी चप्पल, मिरचीपूड: पिल्लू आवरण्याच्या मेसेजला उत्तर

‘पिल्लू घरभर चावतंय? हे करा’ असा कुत्र्याच्या पिल्लांबद्दलचा एक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्यातला सल्ला असा: मटणाची नळी कुकरला लावून मऊ करून द्या, म्हणजे दातही मजबूत होतील. एक जुनी चप्पल त्याच्यासाठी सोडा. सोफ्याच्या पायांना मिरचीपूड चोळा. चावताना सापडलं तर तोंडावर फटका द्या. आणि हाताला दात लागले तर घाबरू नका, दुधाच्या दातांनी काही होत नाही. यातली एकही गोष्ट करू नका. पहिली आणि शेवटची तर जिवावर बेतणारी आहे.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चावतं. चावणं बंद करता येत नाही, बंद करूही नये. काय चावायचं एवढंच आपल्या हातात असतं.

आता नळी. आपल्याकडे रविवारी रस्सा झाला की ताटातली हाडं पिल्लापुढे जातात, आणि देणाऱ्याच्या मनात माया असते हे मला माहीत आहे. पण शिजवलेलं हाड मऊ होत नाही, ठिसूळ होतं. चार शिट्ट्यांत मांस सुटतं. हाड मात्र दाताखाली तडकून त्याचे टोकदार तुकडे होतात. ते घशात रुततात, आतडं फाडू शकतात किंवा आतड्यात अडकून बसतात. नळीचे गोल काप तर खालच्या जबड्यावर बांगडीसारखे चढून बसतात आणि मग डॉक्टरांना ते कापून काढावे लागतात. टणक हाडाने दाढ तडकते ती वेगळीच. रश्श्यातल्या कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे रस्सा लागलेलं हाड दुहेरी घातक. दात मजबूत व्हायला लागणाऱ्या कॅल्शियमचं म्हणाल तर पिल्लांच्या चांगल्या आहारात ते पुरेसं असतं. मोठ्या जातीच्या पिल्लांना ते जास्त झालं तर उलट हाडांची वाढ बिघडते.

‘गावाकडची कुत्री हाडांवरच जगली की!’ हे लगेच ऐकायला मिळतं. जी जगली ती आपल्याला दिसली. गोठ्यामागे पोट फुगून मेलेलं पिल्लू कशानं गेलं, हे कुणी तपासलं?

जुन्या चपलेचा सल्ला दिसायला निरुपद्रवी आहे. पण जुनी कुठली आणि नवी कुठली, हे पिल्लाला कसं कळावं? त्याला चामड्याचा आणि आपल्या पायाचा वास कळतो, आणि एक चप्पल आपली म्हटल्यावर दारातल्या सगळ्याच त्याच्या. कोल्हापुरीला वेणी असते, वादी असते, लाल गोंडा असतो. गोंड्याचे धागे पोटात गेले की आतडं त्या धाग्यावर गोळा होत जातं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यापेक्षा चपला कपाटात ठेवा आणि पिल्लांसाठी मिळणारं रबरी खेळणं आणा. ते त्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं हवं, आणि नखानं दाबलं तर थोडं दबलं पाहिजे. ओल्या फडक्याला पीळ देऊन ते फ्रीजरमध्ये गार करून दिलं तरी हिरड्यांना आराम पडतो. मात्र समोर बसून द्या, फडकं फाटायला लागलं की काढून घ्या.

मिरचीपूड नकोच. ती नाकाडोळ्यांत जाऊन आग होते आणि पिल्लू पंजानं डोळे चोळत राहतं. घरातलं रांगणारं मूलही त्याच सोफ्याला धरून उभं राहतं.

फटक्यानं पिल्लू एवढंच शिकतं की माणूस जवळ आला की तोंडातलं पटकन गिळायचं, किंवा खाटेखाली पळून गुरगुरायचं. पुढे तोंडातून खिळा काढायची वेळ आली तर ते हात लावू देईल का? त्याऐवजी अदलाबदल शिकवा: शिजवलेल्या चिकनचा बिनहाडाचा तुकडा नाकाशी धरा, ‘दे’ म्हणा, वस्तू सोडली की तुकडा द्या. लक्ष ठेवता येणार नसेल तेव्हा त्याला मोकळं सोडू नका. मोबाइल चार्जरच्या वायरी उचलून ठेवा. चालू वायर चावली तर तोंड भाजतं, फुप्फुसात पाणी होतं. अंगणात कण्हेर असेल तर तिथे जाऊ देऊ नका, तिचं पान न् पान विषारी असतं.

‘दुधाच्या दातांनी काही होत नाही’ हे वाक्य वाचून मला खरोखर संताप आला. रेबीज लाळेतून पसरतो आणि पिल्लांनाही होतो. रेबीजची लस बहुधा तिसऱ्या महिन्यात दिली जाते, म्हणजे रस्त्यावरून आणलेल्या लहान पिल्लाला ती मिळालेलीच नसते. ओरखडा उठला, रक्त आलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात लस मोफत असते. हळद, चुना काही लावू नका.

आणि पिल्लानं काही गिळलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतडं कापलं जातं. सारख्या उलट्या, लाळ, पाठीला बाक, कुंथूनही शी न होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. चावलेल्या वस्तूचा उरलेला तुकडा पिशवीत घालून डॉक्टरांकडे सोबत न्या.