शून्याचं तिकीट

गुरुवारची अक्कलकोट गाडी म्हणजे स्वामींच्या भक्तांची गाडी. मी काही त्या दिवशी भक्त नव्हतो. मेव्हण्याच्या सातबाऱ्याची भानगड होती, ती असो. खिडकीची जागा मिळाली, गाडी सुटायला वेळ होता, कंडक्टर कंट्रोलकडे गेलेला. म्हणून मी पिशवीतनं गेम काढला.

गेम म्हणजे मोबाईल नव्हे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं. करड्या रंगाचा, हातात मावणारा, उभा चिनी डबा. वर साडेतीन इंची पडदा, खाली डावीकडं अधिकच्या चिन्हाचं बटण, उजवीकडं चार गोल बटणं. आत नखाएवढं कार्ड आणि त्या कार्डात मारिओ, कॉन्ट्रा, टँकवाला, सर्कसवाला, रोड फायटर अशी सगळी जुनी मंडळी. आमच्या लहानपणी हेच गेम गल्लीत एकाच्या घरी तासावर भाड्यानं मिळायचे. पैसे आधी, चपला बाहेर, आणि कॅसेट चालली नाही तर मालक ती काढून तिच्यात फुंकर मारायचा. फुंकरीनं काही होत नसतं, उलट तोंडाच्या वाफेनं आतल्या पट्ट्या गंजतात. कॅसेट नुसती काढून परत बसवली तरी चालते. हे मला चाळिशीनंतर कळलं. तोवर आम्ही सगळे त्या मालकाच्या फुफ्फुसांना मानत होतो.

आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर ब्रिक गेम मिळायचा, तो वेगळा. त्यावर 9999 गेम असं छापलेलं असायचं आणि आत सगळ्या विटाच. आमच्या पिढीचा जाहिरातीवरचा विश्वास तिथंच उडाला.

तर मारिओचं आठवं जग चालू होतं, तिसरा टप्पा. ज्यांनी खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. हातोडेवाले तिथं जोडीजोडीनं उभे असतात, आणि आठव्या जगात अधेमधे थांबा नाही. मेलात की टप्प्याच्या पहिल्या पावलापासून. चष्मा कपाळावर चढवलेला, कारण चाळिशीच्या डोळ्यांना सोळा ठिपक्यांचा मारिओ चष्म्यातनं दिसत नाही. श्वास रोखून मी दुसऱ्या जोडीच्या तोंडाशी पोचलो होतो. आवाज बंद होता. हे लक्षात ठेवा, आवाज बंद होता.

"अक्कलकोट एक."

मी गेम थांबवून वर पाहिलं. हिरवं इरकल, रुपयाएवढं कुंकू, काखेत नायलॉनची पिशवी. आजी माझ्यासमोर हात पसरून उभ्या होत्या.

"आजी, मी कंडक्टर नाही."

"असू दे की. अक्कलकोट एक."

"अहो, मी पण तुमच्यासारखाच बसलोय गाडीत."

"मग मशीन कसं काय तुझ्याकडं? मघापासनं बघूलाले मी, बटनं दाबूलालास नुसतं. कागद काय निघंना."

"हे तिकिटाचं नाही हो. गेम आहे. खेळ."

आजींनी मला चपलेपासून टकलापर्यंत पाहिलं. टकलावर जरा जास्त वेळ थांबल्या.

"पोरगं कुठाय?"

"कुणाचं?"

"तुझंच की. ज्याचा खेळ हाय ते."

"पोरगं शाळेत गेलंय."

"आन् तू त्याचा खेळ घेऊन गावाला चाललास व्हय रे!"

हे वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं असलं तरी ड्रायव्हरच्या सीटपर्यंत गेलं. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळल्या. त्यातली एक कडेवरच्या लेकराला म्हणाली, "बघ, त्या मामानं दादाचा खेळ पळवला." लेकरू माझ्याकडं बघून रडायला लागलं.

"त्याचा नाही, माझा आहे," मी म्हणालो. "मी घेतलाय. माझ्या पैशानं."

बचाव म्हणून हे अगदीच लंगडं होतं. पोराचा खेळ पळवणारा बाप निदान समजण्यासारखा असतो. स्वतःच्या पगारातनं खेळणं घेणारा माणूस समाजाला कुठं ठेवावा ते कळत नाही. आजींनाही कळलं नसावं. त्यांनी शेजारणीला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, त्यातलं 'हुच्च', म्हणजे वेडा, मला स्पष्ट ऐकू आलं. मग त्यांनी जरा विचार केला आणि स्वतःच्या मनाला पटेल असा खुलासा शोधून काढला: हा माणूस कंडक्टरच आहे, फुकटवाल्या म्हातारीला टाळतोय.

इथं परगावच्या लोकांसाठी थोडं सांगतो. 2022 च्या ऑगस्टपासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली, आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. फुकट असलं तरी तिकीट घ्यावं लागतं; मशीनमधनं रीतसर शून्य रुपयांचं तिकीट निघतं. ते शून्याचं तिकीट हा या पिढीचा हक्काचा कागद. ते हातात पडल्याशिवाय आजी-आजोबा खाली टेकत नाहीत, आणि मला विचाराल तर बरोबरच करतात. सरकारनं फुकट दिलेली गोष्ट कागदावर असलेली बरी.

"मला शून्याचं फाडून दे," आजी म्हणाल्या आणि पिशवीतनं प्लास्टिकची पुडी काढली. तिच्यावर रबर, आत दुसरी पुडी, तिच्यावर दोरा. त्यातनं मतदानाचं कार्ड निघालं, स्वामींचा फोटो निघाला, गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली, आणि सगळ्यात शेवटी आधार. ते त्यांनी माझ्या नाकासमोर धरलं. जन्मतारीख एक जानेवारी. त्या पिढीतली निम्मी माणसं एक जानेवारीलाच जन्मलीत, आमच्या घरातही तीन आहेत.

"हाय का नाय पंच्याहत्तर?"

"आहे हो आजी, पण…"

"मग?"

"यातनं तिकीट येत नाही."

"आन की इकडं, बघू." आणि त्यांनी डबा माझ्या हातातनं घेतलाच. उलटा केला. खालच्या चार्जिंगच्या भोकात डोळा घातला. "इथनं येतो का कागद?" मग कानाशी नेऊन हलवला. मग, ज्या आत्मविश्वासानं त्यांनी आयुष्यभर स्टोव्ह, रेडिओ आणि जावई दुरुस्त केले असतील त्या आत्मविश्वासानं, अंगठ्यानं सगळी बटणं एकदम दाबली.

थांबवलेला गेम सुरू झाला. मारिओ दोन पावलं पुढं गेला, हातोडा लागला, तोंड आपल्याकडं करून वर उडाला आणि पडद्याच्या खाली निघून गेला.

"पडला की रे कोण तरी," आजी म्हणाल्या.

यात जागच्या जागी गेम साठवून ठेवायची सोय असते. मी ती वापरत नाही. लहानपणी नव्हती, म्हणून आता नाही. या बाणेदारपणाचं मला त्या क्षणापर्यंत कौतुक होतं.

एवढ्यात मागनं एकानं शंभराची नोट माझ्या खांद्यावरनं पुढं केली. "दोन वळसंग." कॉलेजचा एक पोरगा मोबाईल सरसावून म्हणाला, "काका, क्यूआर दाखवा." मी दोघांनाही सांगितलं, अहो मी कंडक्टर नाही. तर नोटवाला म्हणतो, "मग एवढ्या लोकांना कशाला थांबवून ठेवलंय?" मी! मी थांबवून ठेवलंय! कॉलेजच्या पोरानं मात्र पडद्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "यात फ्री फायर चालतं का?"

"नाही."

"मग काय चालतं?"

"मारिओ."

"हां, ते," तो म्हणाला आणि क्यूआरसकट मागं गेला. त्या दोन शब्दांत जी कीव होती ती आजींच्या 'हुच्च'मध्ये नव्हती.

शेवटी खरा कंडक्टर आला. दारातच त्याला बातमी मिळाली असावी की आत एक माणूस मशीन घेऊन बसलाय आणि आधार कार्डं तपासतोय. त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, बॅग सरळ केली आणि माझ्यापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "नमस्कार साहेब. चेकिंगला का?"

खोटं सांगत नाही, बरं वाटलं. 'साहेब' म्हणून मला हल्ली फक्त क्रेडिट कार्ड विकणारे हाक मारतात. मी उत्तर द्यायच्या आत त्यानं खाली पाहिलं. पडद्यावर मारिओ पहिल्या पावलावर उभा होता, लाल टोपी, मिशा, नव्या दमानं.

"ओ, पिशवी वर ठेवा. मांडीवर घेऊन बसायचं नाही," कंडक्टर म्हणाला. साहेब ते ओ, तीन सेकंदांत. आजींना शून्याचं तिकीट मिळालं. ते त्यांनी दोनदा उलटसुलट पाहिलं, पुडीत ठेवलं, पुडीवर दोरा, वर रबर, आणि माझ्याच शेजारी बसल्या.

गाडी सुटली. आता जरा माझं ऐका.

हातात धरून खेळायचे हे डबे नुसत्या पोरांसाठी निघाले नव्हते. निन्टेंडोत, म्हणजे मारिओ काढणाऱ्या जपानी कंपनीत, गुनपेई योकोई म्हणून एक इंजिनिअर होता. त्याचा किस्सा असा सांगतात की बुलेट ट्रेननं जाताना त्याला एक कंटाळलेला नोकरदार दिसला, कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला. त्यावरनं त्याला सुचलं की मोठ्या माणसाला प्रवासात, कुणाच्या डोळ्यावर न येता, वेळ घालवता येईल असं काहीतरी काढावं. 1980 साली त्यातनं 'गेम अँड वॉच' निघालं. माझ्या डब्यावरचं ते अधिकचं बटणही त्याचंच, 1982 चं. मग 1989 साली गेम बॉय, चार पेन्सिल सेलवर चालणारा, रंग नसलेला, आणि त्याच्या रंगीत भावासकट तो अकरा कोटींहून जास्त खपला. म्हणजे गाडीत बसलेला कंटाळलेला बाप्या हाच या वस्तूचा मूळ मालक. कुणाच्या डोळ्यावर न येता, हे मात्र योकोईसाहेबांनी जपानच्या गाडीत बसून ठरवलं होतं. आमच्या गाडीत त्यांनी कागद कुठनं येतो एवढं तरी आधी छापून ठेवलं असतं.

आणि हे गेम पोरखेळ आहेत म्हणणाऱ्यांनी एकदा खेळून बघावेत. 'ग्रॅडियस' नावाचा अंतराळातल्या विमानांचा गेम 1986 साली घरच्या टीव्हीवर आणताना तो करणाऱ्या काझुहिसा हाशिमोतोला स्वतःलाच तो पार करता येईना. शेवटी त्यानं एक चोरकळ आत घातली: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. पुढं तीच कळ कॉन्ट्रात 30 लाईफ द्यायला लागली. बनवणाऱ्याला जमेना आणि आम्ही सहावीत गृहपाठ बुडवून जमवत होतो. अशी एखादी कळ सार्वजनिक वाहतुकीत वापरता आली असती तर मी कितीही बटणं दाबली असती.

मला राग आजींचा नाही. त्यांना तिकीट पाहिजे होतं, त्यांनी मागितलं. राग येतो तो पलीकडच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांचा. वय माझंच, टक्कल माझ्याहून मोठं. मोबाईल छातीवर, आवाज पूर्ण. कुणीतरी घसरून पडायचं, मागं तेच ते हसणं वाजायचं, हे बोटानं वर सारायचे, पुढचा पडायचा. कुंभारी आली, गेली. त्यांना कुणी विचारलं नाही की पोरगं कुठाय. कुणी वळून बघितलं नाही. हातात मोबाईल असला की माणूस बिझी असतो. याच मोबाईलवर आमच्या ऑफिसातली भली भली माणसं रमीत पगार घालवायची, टीव्हीवर नट आणि खेळाडू त्याच्या जाहिराती करायचे. 2025 च्या ऑगस्टमध्ये कायदा करून पैशाचे खेळ बंद करावे लागले, तोवर त्यातल्या एकालाही कुणी 'आता मोठे व्हा' म्हणालं नाही. माझ्या डब्यात जाहिरात नाही, पैसे नाहीत, इंटरनेट नाही, कुणाला शिव्या घालायची सोय नाही. गेम संपतो. एवढाच गुन्हा असावा, संपणारी गोष्ट हातात धरून बसणं.

दरम्यान आजींना झोप लागली होती. मी संधी साधून परत पहिल्या पावलापासून सुरुवात केली. पहिली जोडी पार. दुसरी जोडी पार, हातोडा टोपीला घासून गेला. किल्ल्याची भिंत दिसायला लागली आणि खांद्यावर टकटक झाली.

पलीकडचे गृहस्थ. मोबाईल तसाच वाजत होता.

"जरा हळू दाबा की हो," ते म्हणाले. "बटणांचा टिकटिक आवाज यायलाय. ऐकू येईना झालंय."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या छातीवर एक माणूस घसरगुंडीवरनं पाण्यात पडत होता. ह्या ह्या ह्या.

आजी डोळे न उघडता म्हणाल्या, "ठेव की रे बाबा आता, पोरगं आल्यावर देऊ त्याला."

मी डबा पिशवीत टाकला. वळसंगपासनं पुढं सगळी गाडी, मी धरून, त्या गृहस्थांचे रील ऐकत होतो. केळीच्या सालीवरनं पडणाऱ्या आजोबांचं तर परत परत लागलं, त्यांना ते विशेष आवडलं असावं. अक्कलकोट जवळ आलं तेव्हा एकदम शांतता झाली. गृहस्थांनी मोबाईल झटकला, पुसला, परत झटकला आणि माझ्याकडं वळले. पॉवर बँक वगैरे काही आहे का म्हणाले, सी पिनची. तुमच्या त्या मशीनला लागतच असेल.

मी नाही म्हणालो. पिशवीत होती, फुल चार्ज.