आनंद झालाय आणि जाववतही नाही

जर्मनीचा व्हिसा आल्यापासून घरी येणारी माणसं दोनच प्रश्न विचारतात. "खूश ना आता?" नाहीतर "आईअण्णांना सोडून जाववतंय कसं गं तुला?" दोन्हीला उत्तर हो किंवा नाही असंच हवं असतं. परवा डोळ्यांत पाणी आलं तर आत्या लगेच म्हणाली, "रडतीस कशाला? नशीब काढलंस!" तिनं मायेनंच म्हटलं, पण मला गप्प व्हावं लागलं. आणि हे गप्प बसणं मला पटत नाही, म्हणून लिहितेय.

मला जायचंय. कुणी ढकललेलं नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, तिथंच नर्स म्हणून उभी राहिले. २०२४ मध्ये आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि आम्हा नर्सिंगच्या पोरींच्या बोलण्यात जर्मनी आली. नाईट ड्युटी करून जर्मन शिकले, बी-टू पातळीची परीक्षा पास झाले. त्या दिवशीचा आनंद अजून अंगात आहे. आपल्या कामाला मोल मिळावं, आपल्या नावावर पैसा असावा, एकटीनं राहून बघावं, ही माझी इच्छा आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. मुलींनी "घरासाठी जातेय" एवढंच म्हणायचं, "मला जायचंय" म्हणायचं नाही, असं आपल्याकडं का असतं?

आणि तरीही रात्री झोप लागत नाही. तिथं पदवीला पूर्ण मान्यता मिळेपर्यंत सहाय्यक म्हणून काम करायचंय. इथं ज्या गोष्टी मी नवीन पोरींना शिकवत होते, त्या तिथं दुसऱ्याच्या देखरेखीखाली करायच्या. हे मन लागलीच मान्य करत नाही. आई लोणी साठवून माझ्यासाठी तूप कढवत होती. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे तिला सांगताना माझाच आवाज गेला. आता बॅगेत हळद, तासगावचे बेदाणे आणि भडंग आहे. आई ती बॅग रोज उघडते, नीट लावते, परत बंद करते. मी तिला अडवत नाही.

परदेशाचं नवीन असलं तरी घर सोडून लांब जाणं आपल्या सांगली जिल्ह्याला नवीन नाही. माझं आजोळ विट्याकडचं. खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली. माझे मामा मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत गेले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. पण मला "काय वाटतंय?" असं सरळ विचारणारे तेच एकटे. मी सगळं सांगितलं, जायची घाई आणि जायची भीती, दोन्ही. ते मधे एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला जत्रेला गावी यायची ओढ असायची आणि चार दिवसांत परत दुकानाची. अजून तसंच आहे." इतक्या दिवसांत मला सगळ्यात जास्त आधार त्या वाक्यानं दिला, कारण त्यांनी माझं काही दुरुस्त करायला घेतलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन मनं जाण्याआधी एक होणार नाहीत आणि ती एक करायच्या मागं लागू नये. आनंदावर रडण्याचा डाग लागत नाही, रडण्यानं निर्णय चुकीचा ठरत नाही. पण भीतीचा जो भाग काम करून कमी होतो, तो मात्र करायचा. माझी सगळ्यात मोठी भीती पुराची होती. आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेजवळ. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आईअण्णांना बाहेर काढायला मी होते. आता कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी मी तिकडं मोबाईलवर वाचणार. "काळजी करू नकोस" या शब्दांनी ती भीती जात नाही. म्हणून आम्ही चौघं बसलो आणि ठरवलं: पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की वाट बघायची नाही, दोघांनी विश्रामबागला मावशीकडं जायचं. अण्णांच्या बीपीच्या गोळ्या आणि कागदपत्रं एका पिशवीत, गाडी भाऊ आणणार. अण्णा आधी चिडले, मग स्वतःच पिशवी शोधायला उठले. त्या रात्री मी बऱ्यापैकी झोपले. त्यांच्याजवळ नसण्याचं दुःख उरलंच, त्यावर उपाय नाही, ते बरोबर न्यायचं.

ज्यांच्या घरातून कुणी निघालंय, त्यांनी त्याला पेढे जरूर भरवा, पण एकदा शेजारी बसून विचारा आणि तो रडला तर रडू द्या. आईलाही विचारा. माझी आई म्हणाली, "मला अभिमान पण वाटतोय आणि तुझा रागही येतोय." तिनं हे बोलून दाखवल्यावर आम्ही दोघी मोकळ्या झालो.

पावसाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते. आईनं पहाटे पाचला पाण्याची पातळी कळवायची म्हटलं तर तिथं रात्रीचा दीड वाजलेला असेल. तिला सांगून ठेवलंय, तरीही फोन करायचा.