स्वतःलाच पाठवलेलं पाकीट म्हणजे पेटंट नव्हे

‘छोट्या कारखानदाराने पेटंटच्या नादी लागू नये. ड्रॉइंग पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवा, न फोडता ठेवा, शिक्का हेच पेटंट. उद्यम (सरकारची लघुउद्योग) नोंदणी केली की नाव आपलं. पैसे दिले की लोगो आपला. आयपी (बौद्धिक संपदा) ऑडिट ही मोठ्या कंपन्यांची थेरं.’

हा मेसेज जालन्याच्या उद्योजकांच्या ग्रुपवरून माझ्या भाच्यापर्यंत गेला आणि त्याने तो खरा मानला. पेरणीयंत्रातून बी सोडणाऱ्या चकतीचं ड्रॉइंग, वर लाखेचं सील, पाकीट कपाटात. मग निर्धास्तपणे चकती कृषी प्रदर्शनात मांडली, फोटो फेसबुकवर टाकले.

राग येतो तो इथेच. 1970 च्या पेटंट कायद्यात हक्क मिळतो तो अर्ज करून. त्या तारखेला कागद तुमच्याजवळ होता, एवढंच फार तर शिक्क्याने दाखवता येईल. दुसऱ्याला ती वस्तू करण्यापासून अडवता येणार नाही. वर पाकिटाच्या भरवशावर माणूस माल उघड करतो, आणि अर्जाआधी वस्तू उघड झाली की नावीन्यच संपतं, मग पेटंट मिळत नाही. प्रदर्शनासाठी 12 महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. फेसबुकवरच्या फोटोला ती लागू नाही. आकाराची नोंदणी करायची तरी 2000 च्या डिझाइन कायद्यातही अर्जाआधी वस्तू उघड झालेली चालत नाही. काम अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून तारीख धरता येते आणि पूर्ण तपशील 12 महिन्यांत देता येतो. लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1,600 रुपये आहे. एजंटाचे पैसे वेगळे, आणि ते कमी नसतात, हे कबूल.

उद्यम किंवा जीएसटी नोंदणीने ब्रँडवर हक्क येत नाही. नोंदणीशिवायही आधीपासून वापरणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, तेवढं खरं. पण मग जुनी बिलं, जाहिराती घेऊन कोर्टात सिद्ध करत बसा. त्यापेक्षा लघुउद्योगाने मालाच्या एका वर्गासाठी 4,500 रुपये ऑनलाइन भरून ट्रेडमार्कचा अर्ज करावा. नोंदणी झाली की 10 वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं.

लोगोचं तर साफ खोटं आहे. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा कॉपीराइट पैसे दिले तरी सहसा त्याचाच राहतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19 सांगतं की हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते 5 वर्षांचंच धरलं जातं.

ऑडिट म्हणजे आपल्याकडे काय आहे, ते कुणी केलं, त्याचा कागद कुठे आहे आणि ते कुणाच्या हातात जातं, हे लिहून काढणं. जालन्याच्या बियाणे कंपन्यांचंच पाहा. ज्यांच्या संकरातून बियाणं तयार होतं ते नर आणि मादी वाण बाहेर गेले तर हातात काय उरतं? व्यापारी गुपितासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, म्हणून गोपनीयतेचा करार कामावर घेतानाच करावा लागतो. सुपरवायझर मोबाईलमध्ये ड्रॉइंगचे फोटो घेऊन शेजारच्या शेडमध्ये रुजू झाल्यावर त्या करारावर सही कोण देणार?